खरा बडेकर ओळखावा कसा

३ मार्च १९४५, शनिवार. नेरळ.

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची आणि खरं तेच लिहायचं. मी खोटं लिहीतच नाही, पण नियम असलेला बरा.

सीझन तोंडावर आलाय. एप्रिल लागला की मुंबईचे पाहुणे माथेरान चढणार, पावसाआधी उतरणार आणि उतरताना प्रत्येकाच्या पिशवीत मधाची बाटली असणार. ती बाटली माझी असावी की भामट्याची, हा यंदाचा प्रश्न आहे.

गेल्या दिवाळीच्या सीझनचा प्रकार अजून डोक्यातून जात नाही. दादरचा एक पाहुणा स्टेशनावर जाता जाता दुकानात शिरला, फळीवर बाटली आपटली आणि म्हणाला, "हा मध नाही, गुळाचं पाणी आहे." मी बाटली निरखून पाहिली. लेबल माझं. लेबलावर सहदेव बडेकर हे माझं नाव आणि माझा चेहरा, मिशीसकट. बूच माझं, बुचावरची लाख माझी, लाखेत उठलेला ठसासुद्धा माझ्याच अंगठीचा. इतकी बेमालूम नक्कल मी जन्मात पाहिली नव्हती. त्याला तिथल्या तिथं सांगितलं, साहेब, कुणीतरी माझ्या नावावर तुम्हाला फसवलंय. तो म्हणाला, "अहो, परवा मी ती तुमच्याच हातून घेतली." म्हणजे भामटा नुसतं लेबल नव्हे, माझा चेहराही वापरतो!

(माझ्या मधात थोडा गुळाचा पाक असतो ही गोष्ट निराळी. चार वाट्या मध, एक वाटी पाक. निखळ मध मुंबईच्या पोटाला सोसत नाही. याला भेसळ म्हणत नाहीत, बेताचं करणं म्हणतात.)

निश्चय: यंदा भामटा पकडायचाच.

५ मार्च, सोमवार.

माथेरानच्या पारशीण बाईसाहेबांचं पत्र आलं. त्यांच्या बोर्डिंगात सीझनला माझ्या दोनशे बाटल्या जातात, काही नाश्त्याला, बाकी पाहुण्यांना घरी न्यायला. ही एक ऑर्डर म्हणजे माझा अख्खा सीझन. बाकीचं फुटकळ गिऱ्हाईक म्हणजे ताटातली चटणी. बाईसाहेब लिहितात, दिवाळीत पाहुण्यांच्या तक्रारी आल्या, यंदा नमुना पाहून मगच ठरवू.

पाहा! भामट्यानं कुठवर हात घातला. ऑर्डर गेली तर दुकानाला कुलूप, आणि मी परत भातशेतात, थोरल्या भावाच्या हाताखाली. चिखलात उभं राहून त्याचं ऐकायचं. छे. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मी.

७ मार्च, बुधवार. सकाळी.

धाकलू वरच्या वाडीवरून मध घेऊन आला. दहा वर्षं आणतोय. त्याची एक जुनी पद्धत आहे. डबा उघडला की एक थेंब माझ्या तळहातावर, एक थेंब स्वतःच्या. दोघांनी चाटायचं. चाटून होईपर्यंत भाव नाही, बोलणं नाही. चाटलं की झाला सौदा पक्का. त्यांच्या वाडीत म्हणे मधाचा व्यवहार असाच होतो.

असला गबाळेपणा आता परवडणार नाही. मी कागद पुढं केला. त्यावर लिहून ठेवलं होतं: हा मध मीच आणला असून मी तोच धाकलू आहे. खाली अंगठा करायचा.

धाकलू दोन पावलं मागं सरला. म्हणाला, "अंगठा नाय देनार. माज्या बापानं येकदा अंगठा दिला नि खालचं शेत गेलं. हातावर मध दिला, आनि काय पायजे?" मी समजावलं, की बाबा रे, अंगठ्याशिवाय तूच धाकलू कशावरून? त्यानं डब्याचं झाकण लावलं. "दा वर्सं हाय मी धाकलू," एवढंच म्हणाला, आणि डबा उचलून चालता झाला.

संशयाला जागा आहे. खरा धाकलू असता तर अंगठा दिला असता.

९ मार्च, शुक्रवार.

घरात बायकोनं, इंदूबाईनं, दोन दिवस तोंड फुगवलंय. म्हणते, "आवं, मानूस वळकता येत नाय तुमाला आनि भामटा धरायला निगालाव." धंद्यातलं बायकांना कळत नाही. तिचं खरं दुःख वेगळंच आहे. दरवर्षी धाकलूचा डबा आला की दुकानात जायच्या आत ती आपली बरणी भरून घेते, लेकीच्या, जयाच्या, खोकल्याच्या औषधासाठी. यंदा बरणी रिकामी. दुकानात फळ्याच्या फळ्या मधानं भरलेल्या असताना हिला वेगळी बरणी कशाला लागते, मला आजवर समजलेलं नाही.

जुना साठा आहे. तो पुरवायचा तर तीन वाट्या मध, एक वाटी पाक.

१४ मार्च, बुधवार.

भामटा माझा चेहरा वापरतो, तेव्हा तो उद्या घरातही शिरू शकेल. म्हणून घरात परवलीचा शब्द सुरू केला. दार वाजलं की आतून इंदूबाईनं विचारायचं, मध कुठल्या फुलाचा? बाहेरून मी म्हणायचं, जांभळाचा. मगच कडी काढायची.

दुपारी जेवायला आलो. ऊन रणरणत होतं. आतून प्रश्न आला. मी म्हटलं, करवंदाचा. कडी निघाली नाही. हिरडा म्हटलं, शेवटी उंबरसुद्धा म्हटलं. (उंबराला फूल दिसत नाही हे मला ठाऊक आहे, डोकं तापलं होतं.) आतून जया हसत होती. "आमाला काय ठाव, तुमी कोन," असं इंदूबाई म्हणाली. ताट आत, मी ओट्यावर. पाऊण तासानं शब्द आठवला.

पद्धत उत्तम चालते हे सिद्ध झालं.

१९ मार्च, सोमवार.

देवानंच माणूस धाडला. खालापूरचा पदू. अंगात कोट, बगलेत छत्री, अक्षर मोत्यासारखं. खोपोलीपासून शेलूपर्यंत गावोगाव फिरतो, सुया-बटणं विकतो, सगळे बाजार त्याला पाठ. मी भामट्याची हकीकत सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेठ, तुमच्या नावाला कोन हात लावतो ते मी बगतो," म्हणाला. मग फार बारकाईनं विचारपूस केली. मध कोण आणतं, वाडी कुठली, माथेरानला कुणाकडं जातो, बाईसाहेबांना गोड बोललेलं आवडतं की थोडक्यात. इतकी आस्था सख्ख्या भावानं दाखवली नाही.

२४ मार्च, शनिवार. कर्जत.

पदूच्या सल्ल्यानं हँडबिल काढायचं ठरवलं. लोकांना खरा बडेकर कसा ओळखावा हे शिकवलं की भामट्याचं दुकान बंद. छापखान्यात गेलो. छापखानेवाला म्हणाला, लढाईपायी कागद नाही. जो आहे त्यात एक तर तुमची हजार लेबलं होतील, नाही तर हजार हँडबिलं. काय ते ठरवा.

मी क्षणभरही घुटमळलो नाही. हँडबिलं. लेबलांची काळजी नको, गेल्या सालची साठ शिल्लक आहेत.

२ एप्रिल, सोमवार.

हँडबिल हातात आलं. काय देखणं झालंय! वर ठळक अक्षरात "खरा बडेकर ओळखावा कसा". मधोमध माझं लेबल जसंच्या तसं, पुऱ्या मापाचं, म्हणजे कुणालाही बाटलीवर धरून ताडून पाहता येईल. त्याखाली माझी सही, नमुना म्हणून. मग मागच्या बाजूला सूचना. बडेकर म्हणून कुणी आला तर त्याचा चेहरा लेबलाशी ताडावा. मिशी वर वळलेली असावी. विचारावं, मध कुठल्या फुलाचा? खरा असेल तर तो "जांभळाचा" म्हणेल आणि डाव्या मिशीला पीळ देईल. यातलं एक जरी चुकलं तरी तो भामटा समजून पोलिसात द्यावा, मग तो कितीही शपथा घेवो.

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. पदू म्हणाला, या वाक्याला तोड नाही.

हजारच्या हजार त्याच्या हवाली केली. वाटणी फुकट करतो म्हणाला. असा माणूस.

६ एप्रिल, शुक्रवार.

पदू भेटून गेला. चार दिवसांत सगळी हँडबिलं संपली म्हणे. इतक्या झपाट्यानं लोक वाचतात हे मला ठाऊक नव्हतं. नेरळमध्ये मात्र मला एकही दिसलं नाही. लोकांनी जपून घरात ठेवली असणार.

पदू मिशी राखतोय. विचारलं तर लाजला. "तुमच्याकडं बगून राकली, शेठ." मी त्याला टोकं वर वळवायची रीत दाखवली, मेणाची डबीही दिली.

१२ एप्रिल, गुरुवार.

घात! खोपोलीच्या बाजारात माझ्या नावाची बाटली सापडली. इंदूबाईच्या भावानं आणून दिली. लेबल हुबेहूब. शत्रूकडं चांगला छापखाना आहे, कागदही आहे. आम्ही इथं एकेका लेबलासाठी जीव टाकतो आणि त्याच्याकडं रीम पडलेत.

मध चाखला. पाक नाही. पाणी नाही. काहीच लागलं नाही. म्हणजे असलं काहीतरी भयंकर मिसळलं असणार की जिभेला कळतच नाही. बोटभर पुन्हा चाखला, तपासासाठी. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत निम्मी बाटली तपासली, तरी उलगडा नाही. इंदूबाईनं उरलेला मध काढून नेला, बाटली ठेवली. तो कुठं गेला, माहीत नाही.

१८ एप्रिल, बुधवार.

मोठा शोध लावला. ती रिकामी बाटली उन्हात धरली. लेबलाच्या मागच्या बाजूला उलटी अक्षरं दिसली. आरशात धरून वाचली. "कितीही शपथा घेवो."

माझं वाक्य. म्हणजे भामटा माझ्या हँडबिलातलं लेबल कापून बाटलीवर डकवतोय! एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून मीच कागदाची काटकसर केली होती. संताप संताप झाला. लोकांच्या घरात जपून ठेवलेली हँडबिलं या नराधमाच्या हाती लागली कशी?

पदूला बोलावलं. तोही चक्रावला. खूप विचार करून म्हणाला, यावर एकच उपाय, नवीन हँडबिल.

२० एप्रिल, शुक्रवार.

काळ्या बाजारातून कागद मिळवला. पाचशे नवीन हँडबिलं. यात जाहीर केलं की जुना शब्द बाद, नवीन शब्द "हिरड्याचा". लेबल पुन्हा छापलं, पण या खेपेला मागची बाजू कोरी ठेवली, म्हणजे शत्रूला वाक्याचा फायदा मिळणार नाही. वाटायला पदूनंच नेली. त्याची मिशी आता माझ्यापेक्षा बरी वळते, हे मोकळ्या मनानं कबूल करतो.

साठा आटत चालला. निम्मा मध, निम्मा पाक. धाकलू वाडीवरून उतरतो म्हणे, पण माझ्या दुकानावरून सरळ पुढं जातो. काल डोक्यावर डबा घेऊन गेला. मी हाक मारली नाही. त्यानं आधी अंगठा द्यावा.

३ मे, गुरुवार.

दोन आठवडे लिहिणं झालं नाही. कारण: मनःस्ताप.

आज बाईसाहेबांचं पत्र. अक्षरशः उतरवतो. "मिस्टर बडेकर, तुम्ही नमुना घेऊन जातीनं आलात, बरं वाटलं. मध फार छान. मिशीला पीळ देऊन तुम्ही आमच्या पाहुण्यांना हसवलंत. दोनशे बाटल्या पाठवून द्या."

मी गेलोच नव्हतो! मी नमुना घेऊन ८ तारखेला जाणार होतो.

भामटा आता बडेकर होऊन बोर्डिंगात बसून चहा पितो. माझी ऑर्डर, माझी मिशी, माझा विनोद. (मी विनोद करत नाही, पण केला असता तर तो माझाच असता.) आता पुरे झालं. वेष पालटून माथेरानला जायचं, बोर्डिंगात दबा धरायचा आणि तो आला की मानगूट धरायची. पदूला कळवायला माणूस धाडला, तर पदू घरी नाही. कामाच्या वेळीच नेमका.

६ मे, रविवार.

मिशी काढली. दुःख झालं, पण मिशी ठेवून वेष कसला पालटणार? मेहुण्याची सोला हॅट आणि काळा चष्मा घेतला. आरशात पाहिलं. मीच मला ओळखलं नाही. उत्तम.

जया माझ्या जवळ येईना. इंदूबाईनं एकदाच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "जाऊ नगा," म्हणाली. "त्या हँडबिलात काय लिवलंय ते तुमीच वाचा येकदा." मी म्हटलं, ते मीच लिहिलंय, मला काय वाचायचं!

८ मे, मंगळवार.

काल लिहिता आलं नाही. काल मी माथेरानच्या पोलीस चौकीत होतो. सगळं क्रमानं लिहितो, नाही तर डोकं फुटेल.

पहाटे नेरळहून पायी निघालो. बरोबर नमुन्याच्या दोन बाटल्या. (एक वाटी मध, तीन वाट्या पाक. पण पाक अव्वल.) वर पोचल्यावर एका झाडाखाली बसलो, बाटलीचं बूच नीट आहे का पाहावं म्हणून काढलं, तेवढ्यात माकडानं बाटली पळवली. फांदीवर बसून चाटली. परत खाली टाकली. इथली माकडंही शहरी पाहुण्यांच्या नादानं बिघडली आहेत.

बोर्डिंगात गेलो. बाईसाहेब व्हरांड्यात होत्या. दबा धरून बसायचा बेत होता, पण त्यांनी समोरच्या फळीवर मांडलेल्या बाटल्या दाखवून विचारलं, "आमचा बडेकरचा मध नेणार काय?" आणि माझा तोल गेला. मी ओरडलो, बडेकर मी आहे! तो भामटा आहे!

बाईसाहेब घाबरल्या नाहीत. कपाटातून एक कागद काढला. माझं हँडबिल. चष्मा चढवून एकेक ओळ वाचू लागल्या. चेहरा लेबलाशी ताडला, मान हलवली. मिशी? नाही. मग विचारलं, मध कुठल्या फुलाचा? मी छातीठोक म्हटलं, जांभळाचा, आणि सवयीनं डाव्या मिशीला पीळ द्यायला गेलो. बोटांत हवा. बाईसाहेबांनी दुसरा कागद काढला, नवीन हँडबिल. "हिरड्याचा पाहिजे." मी शपथा घेऊ लागलो. त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि पोलिसाला बोलावणं धाडलं.

पोलिसानं मला चौकीत नेलं, मागोमाग बाईसाहेबही दोन्ही हँडबिलं घेऊन आल्या. त्यानं वहीत लिहिलं ते मी उलटं वाचलं. नाव: सहदेव आबाजी बडेकर असल्याचे सांगतो. धंदा: मधवाला असल्याचे सांगतो. मिशी: नाही. मग सही करायला लावली आणि हँडबिलावरच्या सहीशी ताडली. जुळेना. चौकीतला टाक खरवडत होता, कुणाचीही सही बिघडली असती.

"खऱ्या बडेकरांना बोलवा," पोलीस म्हणाला. ते गावातच होते, बाटल्या पोचवायला आलेले. दार उघडलं. कोट, छत्री, वर वळलेली मिशी. त्या मिशीचा रुबाब असा की मी स्वतः उठून उभा राहिलो.

पदू.

त्यानं मला ओळखलं. मिशी नसताना पहिल्यांदा त्यानंच ओळखलं. आणि काय म्हणाला? "गरीब मानूस दिसतोय, सायेब. सोडून द्या." माझ्यासाठी रदबदली! मी त्याला मेणाची डबी दिली होती.

त्याच्या मागून डबा घेऊन धाकलू आत आला.

मला वाटलं, संपलं. हा सूड घेणार. तरी म्हटलं, धाकलू, सांग बाबा यांना मी कोण. धाकलूनं आधी पोलिसाला विचारलं, "अंगठा द्यावा लागंल का?" पोलीस म्हणाला, नाही, नुसतं सांग. "मग सांगतो. बडेकर ह्योच. दा वर्सं वळकतो मी त्याला. मिशी असू दे नायतर नसू दे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मी पदूकडं बोट करून म्हटलं, मग धरा याला! पोलिसानं विचारलं, दुसऱ्याचं नाव का लावलंस? पदू मुळीच डगमगला नाही. "मला सायेब, माज्या नावाचं लेबल छापायला कागदच गावंना. ह्यांनी दीड हजार फुकट दिली. धाकलूचा मध तर असाच दारावरनं परत चालला व्हता."

मी म्हटलं, ऐका, ऐका! नकली माल! बाईसाहेब, आता खरा बडेकर खरा माल घेऊन आलाय. उरलेली बाटली पुढं केली.

बाईसाहेबांनी धाकलूकडं पाहिलं. धाकलूनं पदूच्या बाटलीतला एक थेंब बाईसाहेबांच्या एका तळहातावर दिला, माझ्या बाटलीतला दुसऱ्या. स्वतःच्याही दोन्ही हातांवर घेतला. दोघांनी चाटलं. पोलिसालाही हवा होता, त्यालाही दिला.

मग धाकलू म्हणाला, "मानूस ह्यो खरा. मध त्यो खरा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

बाईसाहेबांनी रुमालानं एकच हात पुसला. म्हणाल्या, "आमाला नाश्त्याला मध लागते. बडेकर नाय लागत." पोलिसानं पदूला दम दिला, की माझं नाव खोडून स्वतःचं लिहायचं, पुन्हा तक्रार आली तर आत. पदू लगेच "व्हय" म्हणाला. मला दम दिला तो इथं लिहीत नाही. त्यात गुळाचा उल्लेख होता.

ऑर्डर त्या दोघांना गेली. मी उतरलो. मेहुण्याची हॅट वरच राहिली.

९ मे, बुधवार.

युरोपातली लढाई संपली म्हणे. स्टेशनात आनंदानं गूळ वाटला. मी घेतला नाही.

१० मे, गुरुवार.

शांतपणे विचार केला. एका अर्थी मोहीम फत्ते झाली. मार्चमध्ये ठरवलं होतं की भामटा पकडायचा, आणि तो पकडला गेला, तोही माझ्याच समोर. परवलीच्या शब्दाची पद्धतही इतकी पक्की निघाली की ती खुद्द मलाही भेदता आली नाही. चूक झाली ती फक्त मिशीची. आणि पदूची. आणि कागदाची. धाकलूचं म्हणाल तर त्यानं अंगठा दिला असता तर हे काहीच घडलं नसतं.

थोरल्या भावाचा निरोप आला आहे. भातशेतात राब भाजायला माणूस कमी आहे, दुकान बंदच असेल तर ये. बंद नाही, असं कळवलं. उघडंच आहे. कुणी येत नाही एवढंच.

तिसरं हँडबिल काढावं काय? मजकूर मनात तयार आहे.

१२ मे, शनिवार. सकाळी.

जयाला खोकला. छाती घरघरत होती. वैद्यांची पुडी मधातून चाटवायची होती. मी दुकानातून धावत जाऊन बाटली आणली आणि बूच काढून पुढं धरली. इंदूबाईनं ती घेतली नाही. डाळीच्या डब्यामागं हात घालून दुसरी बाटली काढली.

लेबल माझं. माझा चेहरा, मिशीसकट. खालचं सहदेव बडेकर हे नाव शाईनं खोडून मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, पदू आणि धाकलू.

स्टेशनावर घेतली, म्हणाली. मी म्हटलं, घरचं दुकान भरलेलं असताना? ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. पुडी खलता खलता खाली मान घालून म्हणाली, "पोरीच्या औषदाला खराच लागतो."

किती वर्षं, असं विचारणार होतो. ती बरणी आठवली, नाही विचारलं.

जयानं औषध चाटलं आणि लेबलावर बोट ठेवलं. "बाबा," म्हणाली. मग माझ्या बिनमिशीच्या तोंडाकडं पाहिलं आणि आईला बिलगली.

इंदूबाईनं माझा हात ओढून घेतला. एक थेंब माझ्या तळहातावर दिला, एक स्वतःच्या. चाटून होईपर्यंत बोलायचं नसतं. झाल्यावरही मी काही बोललो नाही.